बाईंचा कंदील

डोंबिवली
७ ऑक्टोबर १९५१

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

गुरुदत्तचा नमस्कार. हे पत्र पाहून आपणांस आश्चर्य वाटेल. सरोजशी माझे लग्न झाल्यापासून मी आपणांस एकदाच काही पाठवले आणि ती तार होती. फेब्रुवारीतली. ती आपल्या हाती पडली होती असे मला मागाहून कळले. आपण आला नाहीत, त्याविषयी हे पत्र नाही.

आपल्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे आणि टपाल सूनबाई वाचून दाखवतात असे ऐकतो. तेव्हा उत्तरावहिनी, तुम्हांलाही नमस्कार. अण्णांना राग येईलसे कुठे वाटले तर तेवढे गाळून पुढे वाचावे.

लिहिण्याचे कारण, येत्या जानेवारीत विधानसभेच्या निवडणुका आहेत आणि मी आमच्या भागातून उभा राहणार आहे. वर्तमानपत्रात नाव वाचले जाण्याआधी मीच कळवावे हे बरे. आमच्या कॉलेजातल्या मंडळींनाही नवल वाटले. गणिताच्या प्राध्यापकाला मते कोण देणार, असे एकाने विचारलेही. 

खरे म्हणजे उभी सरोज राहणार होती. कोपरपासून दिव्यापर्यंतच्या खाडीकाठच्या गावांत ती पाच वर्षे बायकांचा वर्ग घेत होती, हे आपल्या कानी आले असेल. तिथल्या लोकांनीच तिला उभे राहा म्हटले होते. त्या गावांत गोड्या पाण्याची विहीर नाही; जे पाणी आहे ते पिऊन तिला विषमज्वर झाला. "त्या गावांनी माझी मुलगी खाल्ली," असे आपण म्हणालात हेही ऐकले. मी तसे मानत नाही, पण आपल्याशी वाद घालणार नाही. ती गेल्यावर ती माणसे माझ्याकडे आली आणि बसून राहिली. शेवटी राघो नावाचा मिठागरावर काम करणारा गृहस्थ म्हणाला, "बायच्या जागी तुमी." मला नाही म्हणता आले नाही. विहिरीचे काम तिच्या मनात होते.

एक विनंती आहे. माघात तिला वर्ष होईल. मी श्राद्धपक्ष करणारा नाही, हे आपण जाणता. पण त्या दिवशी गावातल्या बायका तिच्या नावाने जेवण करणार आहेत. आपण यावे. एवढेच मागण्यासाठी हे पत्र आहे. निवडणुकीचे निमित्त झाले.

एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला आपण पुन्हा शाळेत घातलेत. ठाण्यात टेंभी नाक्यावर त्या काळी दुसऱ्या कोणाच्या बापाने ते केले नसते, असे ती नेहमी म्हणे. पुढे तिने लग्न केले तेव्हा आपण जे म्हणालात, की तुझ्या कपाळी पुन्हा लागलेले कुंकू मी या डोळ्यांनी पाहणार नाही, ते तिने मला एकदाच सांगितले. तक्रार म्हणून नव्हे.

वहिनी, हा परिच्छेद गाळावा.

आपला,
गुरुदत्त


डोंबिवली
२५ नोव्हेंबर १९५१

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

नमस्कार. उत्तर आले नाही. येईल असे धरले नव्हते. उत्तरावहिनींचे कार्ड मात्र आले. त्या लिहितात, "कुंकवाचा मजकूर आला तिथे मी थांबले, तर अण्णा म्हणाले, गाळलंस ना काहीतरी? वाच." म्हणजे गाळण्याचा आता उपयोग नाही. वकिली सुटली तरी उलटतपासणी सुटत नाही, असे सरोज आपल्याविषयी म्हणत असे.

उमेदवारीचा अर्ज भरायला ठाण्याला आलो होतो. कचेरीतून निघाल्यावर आपल्या घरावरून गेलो. आपण ओसरीवर आरामखुर्चीत बसला होतात. तोंड रस्त्याकडे होते. मी समोर उभा राहिलो, पण आपणांस दिसलो नसणार. ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर असे उभे राहणे बरे वाटेना, म्हणून पुढे गेलो.

मला निशाणी कंदील मिळाली. मी मागितली नव्हती. ज्या तीन-चार शिल्लक होत्या त्यांत ती होती. गावात सांगितले तेव्हा बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सरोज वर्गाला जायची ती दिवेलागणीला, स्वतःचा कंदील घेऊन. मिठागराच्या पडवीत तो खांबाला टांगायची आणि मग वर्ग सुरू व्हायचा. "बायचा कंदील सरकारला ठाव कसा?" असे शेवंतीने, म्हणजे राघोच्या बायकोने, मला विचारले. योगायोग म्हणजे काय हे मी समजावू लागलो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमी सांगताव तसं असल."

माझ्या भाषणांविषयी लिहिण्यासारखे नाही. पहिल्या सभेत मी बराच वेळ पाठमोरा बोललो. वर्गात फळ्याकडे पाहून बोलण्याची सवय. राघो उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, भिंतीला काय सांगताव? मानसां इकरं बसलीत." लोक फार हसले. तेवढी एकच सभा चांगली झाली असे म्हणतात.

प्रतिस्पर्धी कल्याणचे तानाजीशेठ, भाताच्या गिरणीचे मालक. सरळ माणूस आहे. वाटेत भेटले तर "काय सर, आमची अनामत राहू द्या हो," म्हणून थट्टा करतात. त्यांची निशाणी छत्री. तिसरे एक उमेदवार आहेत, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही.

सरोजने केलेले एक काम आपणांस कळावे. दोन वर्षांपूर्वी मतदारांची नावे घ्यायला कारकून आले तेव्हा बायका आपले नाव सांगेनात. 'राघोची बायको', 'दगडूची आई' असेच लिहा म्हणत. परक्या पुरुषाला नाव सांगायचे कसे? अशी नावे यादीतून गाळली जाणार होती. सरोज घरोघर फिरली. ऐकतो की शेवंतीला तिने सांगितले, "अगं, तुझं नाव तू मला तरी सांगशील? मी त्यांना सांगते." शेवंतीने ते तिच्या कानात सांगितले. लग्न होऊन आल्यावर ते नाव तिने तेव्हा पहिल्यांदा तोंडाने उच्चारले. मग बाकीच्यांनीही कानात सांगितली. शेवंतीच्या गावातल्या साऱ्या बायका आज आपापल्या नावाने मतदार आहेत.

माघाचे लक्षात असावे.

आपला,
गुरुदत्त


डोंबिवली
१२ जानेवारी १९५२

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

मतदान झाले. मोजणी व्हायची आहे. वहिनी, यातले काही गाळू नये.

मतदानाची रीत आपण ठाण्यात पाहिली असेल. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याच्या निशाणीचे चित्र. मतदाराने पडद्याआड जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीच्या फटीत टाकायची. खूण नाही, सही नाही. हे बायकांना नीट कळावे म्हणून आम्ही गोडेतेलाच्या डब्याला फट पाडून गावात तालीम घेतली होती. शेवंतीने सर्वांच्या आधी चिठ्ठी टाकून दाखवली होती. म्हणून मी त्या गावाविषयी निश्चिंत होतो.

केंद्र मिठागराच्या कचेरीत होते. मी फिरत फिरत तिथे दुपारी पोहोचलो. बाहेर बायकांची रांग, डोक्यात फुले, बऱ्याच जणींच्या अंगावर सणाची लुगडी. माझा प्रतिनिधी म्हणून राघो आत खुर्चीवर बसला होता. त्याने सांगितले, की सकाळी शेवंती आली तेव्हा कारकुनाने रीतीप्रमाणे नवऱ्याचे नाव विचारले. ती म्हणाली, "त्यो काय खुर्चीवं बसलाय! त्यालाच इचारा." आपले स्वतःचे नाव मात्र तिने मोठ्याने सांगितले. बाहेरपर्यंत ऐकू गेले म्हणतात.

केंद्राध्यक्ष मुरबाडकडचे एक शिक्षक होते. मला पाहताच ते उठले. घाबरलेले दिसले. म्हणाले, "सर, जरा आत येता? बाकीच्यांचे प्रतिनिधीही या. मी आत्ताच पडदा उचलून बघितलं."

आत तीन पेट्या होत्या. छत्रीची आणि तिसरी, दोन्ही जशाच्या तशा. कंदिलाच्या चित्राला हळदकुंकू लावलेले. इतक्या जणींनी लावले होते की काच दिसत नव्हती. पेटीवर झेंडूची फुले, अक्षता. आणि फुलांखाली चिठ्ठ्या. फटीत नव्हे, पेटीवर. एकीवर एक, कडा जुळवून ठेवलेल्या.

मग केंद्राध्यक्ष म्हणाले, "पेटीत पडलेलं तेच मत, असा नियम आहे. पण बायकांचा हेतू उघड आहे. कोणाची हरकत नसेल तर मी या चिठ्ठ्या सर्वांसमक्ष आत सोडतो. हरकत असेल तर पाकिटात घालून बाद करावं लागेल."

तानाजीशेठांचे प्रतिनिधी कल्याणचे तरुण वकील होते. ते म्हणाले, "माझी नाही बुवा हरकत. या फुलांवर हरकत घेऊन बाहेर गेलो तर बायका मला खाडीत बुडवतील." तिसऱ्यांचाही प्रतिनिधी मानेनेच हो म्हणाला.

राघो पुढे झाला. "सर, मी टाकतो."

मी म्हणालो, "नको."

"हरकत तुमची?" वकील म्हणाले. "सर, ही तुमची मतं आहेत."

मी सांगितले की नियम तो नियम. चिठ्ठी कोणी ठेवली, कोणत्या समजुतीने ठेवली, हे आपण ठरवू शकत नाही. आज माझ्या फायद्याचे ठरवले तर उद्या दुसऱ्याच्या ठरवावे लागेल. मी उत्तरपत्रिकेत अर्धा गुण वाढवून दिला नाही, तो मते कशी घेऊ? केंद्राध्यक्षांनी पाकीट आणले. चिठ्ठ्या किती होत्या ते मी मोजले नाही. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकीला ते पडद्याबाहेरून ओरडून सांगत होते, "बाई, फटीत टाका, फटीत!"

राघो माझ्याशी बोलत नाही.

आपल्यासारख्या कायदा जाणणाऱ्याला माझे वागणे पटेल असे वाटते.

आपला,
गुरुदत्त


डोंबिवली
२७ जानेवारी १९५२

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

मी हरलो. वर्तमानपत्रात आले आहे. जेवढ्या मतांनी हरलो त्याहून पाकिटातल्या चिठ्ठ्या जास्त होत्या, हेही आता सर्वांना ठाऊक आहे. डोंबिवलीतल्या माझ्यासाठी राबलेल्या मंडळींनी घरी येऊन मला सुनावले. "तत्त्व तुमचं, सर, आणि पाय आमचे झिजले," असे एकजण म्हणाला. खरे आहे. तानाजीशेठ स्वतः येऊन गेले. पेढे आणले होते, ते त्यांनी पिशवीतून काढलेच नाहीत. उठताना म्हणाले, "विहिरीचं तेवढं माझ्याकडे लागलं. बाईंच्या नावाची पाटी लावू नका म्हणालात तरी लावीन." त्यांचा शब्द खरा ठरेल असे वाटते.

वहिनींचे कार्ड मिळाले. त्यात आपला निरोप होता. आपला पहिलाच. "त्याला विचार, नियमासाठी नको म्हणाला की आणखी कशासाठी. साक्षीदार एवढी कारणे देतो तेव्हा खरे कारण वेगळे असते."

हे कार्ड आले त्याच दिवशी शेवंती आणि आणखी दोघीतिघी माझ्याकडे आल्या होत्या. राघो बरोबर होता, पण फाटकाबाहेर उभा राहिला. बायका ओट्यावर बसल्या. आत या म्हटले तरी येईनात. त्यांची मते बाद झाली हे त्यांना गावात कळले होते. मला वाटले त्यांना वाईट वाटत असेल, म्हणून मी समजूत घालू लागलो, की चूक तुमची नाही, पुढच्या वेळी फट लक्षात ठेवा.

शेवंती म्हणाली, "फट ठाव व्हती. डब्यात मीच टाकून दावली ना?"

"मग पेटीत का नाही टाकली?"

"त्या फटीत वाकून बघितला. आत काळोख." मग ती म्हणाली, "बाबूनं नाव इचारला. मी सांगितला. नाव सांगितल्याबिगर चिठ्ठी देत नाय. म्हंजे ती चिठ्ठी माजा नावच ना? त्ये नाव बायनं काढून दिलेला. काळोखात कसा टाकू? बायच्या कंदिलापुढं ठेवला."

चिठ्ठीवर कोणाचे नाव नसते, हे मी सांगणार होतो. सांगितले नाही.

दुसरी म्हणाली, "शेवंतीनं ठेवला, मंग आमीपन ठेवला."

"सर, तुमी पडलाव त्याचा वाईट वाटतं," शेवंती म्हणाली. "पन खरा सांगू? ती मतां तुमाला नव्हतीच."

फाटकाबाहेरून राघो ओरडला, "अगं, त्यांना असं तोंडावर काय सांगतंस!" आणि मग तोच आत आला आणि ओट्यावर बसला. चहा झाला.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. पडदा उचलला तेव्हा नियम मला आठवला नाही. नियम मागाहून आठवला. त्या फुलांकडे पाहिल्यावर मला एवढेच वाटले, की हे सरोजला वाहिलेले आहे. ते तिच्यापुढून उचलून माझ्या पेटीत टाकायचे, आणि त्यावर मी निवडून यायचे, हे मला जमले नसते. राघोचा हात पुढे आला तेव्हा मी 'नको' म्हणालो ते इतक्या मोठ्याने की पोलीस आत डोकावला. हे मागच्या पत्रात लिहिले नव्हते.

ती गेली त्या दिवशी तिच्या कपाळी कुंकू कोणी लावले, हे मला आठवत नाही. शेजारच्या बायका होत्या. मी खोलीत नव्हतो. ते राहून गेले असावे असे मला वर्षभर वाटत आले. त्या पेटीवर मी ते पाहिले.

येत्या दशमीला जेवण आहे. मिठागराच्या पडवीत, दिवेलागणीला. खाडीच्या बाजूने चिखल फार असतो. दिवा स्टेशनावरून आलेले सोयीचे. बैलगाडी राघो पाठवू शकेल. हे सर्व वहिनींसाठी लिहिले आहे, येण्याचे ठरले तर.

आपला,
गुरुदत्त


डोंबिवली
७ फेब्रुवारी १९५२

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

आपण सुखरूप पोहोचलात, असे वहिनींनी कळवले. गाडीच्या हिसक्यांनी पाठ दुखते आहे आणि गरम पाण्याने शेकता आहात हेही कळवले. शेवंतीने विचारले आहे, की म्हाताऱ्या बाबांना वालाचे बिरडे सोसले ना? पोटाविषयी कळवावे.

आपणांस दिसत नव्हते म्हणून तिथे काय काय होते ते लिहितो. पडवीला तीन बाजूंनी भिंत नाही. मधल्या खांबाला सरोजचा कंदील टांगला होता. तिच्यामागे तो माझ्याकडे पडून होता, काच काळी झालेली. ती शेवंतीने राखेने घासली होती. आपण आलात तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या. ज्या हुंदक्याचा आवाज आपण ऐकलात आणि "कोण आहे?" म्हणून विचारलेत, तो राघो होता. कोणी सांगायला तयार नव्हते.

बायका एकेक करून कंदिलाला हळदकुंकू लावत होत्या. आपणांस त्यांची पावले वाजताना ऐकू येत होती. आपण वहिनींना विचारलेत, "काय चाललंय?" त्यांनी सांगितले. सांगताना त्या थोड्या थांबल्या, आणि आपण म्हणालात, "गाळू नकोस." मग आपण काठी टेकून उठलात. मला वाटले आपण निघालात. मी गाडी जोडायला सांगणार होतो.

"करंडा कुठाय?" आपण विचारलेत.

शेवंतीने करंडा पुढे केला. आपला हात तिसरीकडेच गेला, म्हणून मी मनगट धरले. आपण ते काढून घेतले नाहीत. आपले बोट कुंकवात बुडाले आणि मी हात कंदिलाकडे नेला. काच तापलेली असेल म्हणून मी जरा आखडलो, तर आपण म्हणालात, "भाजलं तर भाजू दे." त्यानंतर बराच वेळ बोट काचेवर होते. मग आपण मला विचारलेत, "जागी लागलं का रे?"

मी मान हलवली, पण ती आपणांस दिसली नसणार. आपण पुन्हा विचारले नाहीत. परत जाताना गाडीतही विचारले नाहीत. म्हणून हे पत्र.

वहिनी, एवढे सावकाश वाचा.

अण्णा, लागले. थोडे डावीकडे गेले होते. आरशात न पाहता ती घाईने लावायची, तेव्हा तिचेही तसेच जायचे.

आपला,
गुरुदत्त